कटआउटमागचे फाळके

धायरी फाट्यावर उभं राहून मान जरा वर केली की वाढदिवसाचा फ्लेक्स दिसणार म्हणजे दिसणारच. मधोमध गॉगलवाले भाऊ, आणि खाली दोन रांगांत पंधरा-वीस शुभेच्छुकांची नुसती मुंडकी. कोणाच्या केसांभोवती पांढरी किनार, कोणाचा कान अर्धा गायब, तर कोणाच्या खांद्याला मागच्या भिंतीचा तुकडा अजून चिकटलेला! आपण हसतो, वडापाव घेतो आणि हॉस्टेलवर परत येतो. पण मित्रांनो, या हसण्यामागे एक खराखुरा तांत्रिक प्रश्न आहे. फोटोतल्या माणसाला त्याच्या मागच्या दृश्यापासून स्वच्छ वेगळं कसं करायचं?

हा प्रश्न फोटोशॉपपेक्षा खूप जुना आहे. फोटोशॉपची पहिली आवृत्ती आली १९९० साली. त्याच्या कितीतरी आधी, कॉम्प्युटर सोडाच, घरात विजेचा दिवा असणंसुद्धा अप्रूप होतं त्या काळात, आपल्याच नाशिक जिल्ह्यातला एक माणूस याच प्रश्नाशी झटत होता. त्याचं नाव तुम्हा सर्वांना पाठ आहे. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके. आमच्या कॉन्व्हेंटच्या पुस्तकात ते चार ओळींत संपले होते : पहिला भारतीय चित्रपट, राजा हरिश्चंद्र, साल १९१३, परीक्षेला दोन मार्क. त्या चार ओळींच्या आधीची चाळीस वर्षं मात्र पुस्तकात नव्हती. मला वाटतं, आपल्यासारख्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी वाचावीत अशी खरी वर्षं तीच आहेत.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे विद्वान. मुलाने शास्त्रीबुवा व्हावं अशी घराची रीत, पण याचा हात सारखा चित्राकडे आणि नाटकाकडे. १८८५ मध्ये तो मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेला. कलाभवन म्हणजे सयाजीराव महाराजांच्या काळातलं आपल्या आजच्या टेक्निकल कॉलेजसारखंच ठिकाण. तिथे फाळके चित्रकला शिकले, फोटोग्राफी शिकले, थोडं वास्तुशास्त्रही शिकले. कलाभवनचे प्रमुख प्रा. गज्जर यांनी त्यांना रतलामला पाठवलं, तीन रंगांचे ब्लॉक बनवायला शिकण्यासाठी.

आता ब्लॉक म्हणजे काय, हे आपल्या पिढीला सांगावं लागतं. पूर्वी छापखान्यात फोटो छापायचा तर तो आधी एका बारीक जाळीतून पुन्हा फोटो काढून ठिपक्यांमध्ये बदलायचे. मग ते ठिपके जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर उतरवायचे आणि ॲसिडने पत्रा खायला घालायचा. जिथे उजेड पडला तिथला लेप कडक होऊन पत्रा वाचायचा, बाकीचा खाल्ला जायचा. उरलेल्या उंचवट्यावर शाई लागली की झालं चित्र! आता समजा, गिऱ्हाइकाला फोटोतले रावसाहेब हवेत, पण मागचा स्टुडिओचा पडदा नको. मग कारागीर निगेटिव्हवर बारीक कुंचल्याने रावसाहेबांच्या कडेकडेने गडद रंग लावत जायचा. रंगातून उजेड जाणार नाही, तिथला पत्रा ॲसिड खाईल, आणि कागदावर तिथे कोरं पांढरं उमटेल. म्हणजे आपण जे पेन टूलने करतो तेच काम, फक्त इथे अनडू नाही. पगडीची कड चुकली की चुकली. फाळके ज्या धंद्यात वाढले तो धंदा असा कडा सांभाळण्याचा होता. तीन रंगांच्या ब्लॉकमध्ये तर आणखी पंचाईत. तिन्ही ठसे एकावर एक तंतोतंत बसले पाहिजेत, नाहीतर देवीच्या ओठांचा लाल रंग हनुवटीवर जायचा.

पण ते लगेच छापखान्यात शिरले नाहीत. १८९३ च्या सुमारास त्यांनी गुजरातमध्ये गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. लोकांना फोटो काढून घ्यायची भीती वाटायची, कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो असा समज पसरलेला होता असं सांगतात. त्यातच प्लेगची साथ आली, आणि फाळक्यांची पहिली पत्नी आणि मूल दोघंही त्यात गेली. सगळं मोडून ते तिथून निघाले. नंतर एका परदेशी जादूगाराकडून ते जादू शिकले. स्वतःच्या नावातली अक्षरं उलटसुलट करून प्रोफेसर केल्फा या नावाने त्यांनी प्रयोगही केले. वाचताना हे प्रकरण गमतीचं वाटतं, पण त्याचा धागा पुढे येणार आहे. त्या काळच्या रंगमंचावरच्या जादूत काळ्या मखमलीचा खेळ फार प्रसिद्ध होता. मागे काळा पडदा, मदतनीस नखशिखांत काळ्या कपड्यात. मग त्याच्या हातातली पांढरी कवटी प्रेक्षकांना हवेत तरंगताना दिसायची. काळ्यावर काळं दिसत नाही, एवढंच त्यातलं शास्त्र.

पुढे १९०३ मध्ये त्यांना पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची सरकारी नोकरी लागली. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची लाट आली आणि त्यांनी ती सोडली. लोणावळ्याला स्वतःचा छापखाना काढला, राजा रविवर्म्याच्या छापखान्यासाठी फोटो-लिथोचं काम केलं, नंतर दादरला बस्तान हलवलं. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं बघायला जर्मनीलाही जाऊन आले. भागीदाराशी मात्र पटेना आणि १९११ मध्ये त्यांनी तो धंदाही सोडला. वय चाळिशीच्या पुढे, घरात लहान मुलं आणि खिसा रिकामा. आजच्या भाषेत प्लेसमेंट झालेली नाही आणि बॅकलॉगही संपलेले नाहीत!

त्याच वर्षी ईस्टरच्या सुमारास गिरगावात तंबूतल्या थिएटरात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला, आणि पडद्यावर आपला कृष्ण, आपला राम का नाही, या विचाराने त्यांना झपाटलं. मिळेल तो चित्रपट ते बघत सुटले, झोप कमी, डोळ्यांवर ताण जास्त. इतका की काही काळ दिसायचंच बंद झालं. डॉक्टरांनी डोळे वाचवले. मग विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते पाहिलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेतलं आणि दोन महिन्यांत परत आले. कर्ज देणाऱ्याला पटवण्यासाठी त्यांनी एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून त्याच्यापुढे कॅमेरा लावला. रोज थोड्या थोड्या फ्रेम्स घेऊन जवळजवळ महिन्याभराची वाढ काही क्षणांत पळवून दाखवली. भांडवल मिळालं.

इथे जरा आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. हाताने फिरवायच्या त्या जुन्या कॅमेऱ्यात हँडलच्या एका फेऱ्याला आठ फ्रेम्स पुढे जायच्या. सेकंदाला दोन फेरे म्हणजे सोळा फ्रेम्स. अशा कॅमेऱ्यावर माणूस कापून दुसरीकडे चिकटवायचा तर कात्री उपयोगाची नाही. एका सेकंदाच्या सोळा चित्रांच्या कडा कोण कापत बसणार? म्हणून रीत अशी होती : माणसाला गडद काळ्या पडद्यापुढे उभं करायचं आणि त्याचं चित्र घ्यायचं. फिल्मवर फक्त माणूस उमटतो, काळ्या भागावर काहीच उमटत नाही, ती फिल्म अजून कोरीच. मग लेन्स झाकून, फेरे मोजत, फिल्म तेवढीच मागे घ्यायची आणि त्याच फिल्मवर दुसरं दृश्य घ्यायचं. कोऱ्या भागात दुसरं दृश्य येऊन बसतं. जादूगाराची काळी मखमल इथे पुन्हा भेटते, आणि छापखान्यातली कडा सांभाळण्याची सवयही.

फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस हाही मुळात जादूगारच होता. त्याने १८९८ मध्येच याच युक्तीने स्वतःचं डोकं उचलून टेबलावर ठेवलेलं दाखवलं होतं. आपल्याकडे १९१८ च्या श्रीकृष्णजन्म चित्रपटात कंसाला मृत्यूची भीती वाटते तेव्हा त्याचं मुंडकं धडापासून सुटून वर जातं आणि पुन्हा येऊन बसतं. प्रेक्षकाला ते पटायचं असेल तर मानेची रेघ स्वच्छ हवी. डोकं आणि धड दोन वेगवेगळ्या वेळी चित्रित झालं असलं, तरी पडद्यावर ते एकाच माणसाचं वाटलं पाहिजे. आपल्या फ्लेक्सवाल्याला जमत नाही ते हेच!

आता कडा का बिघडते ते बघा. फोटोतला केस एका पिक्सेलपेक्षाही बारीक असतो. त्या पिक्सेलमध्ये थोडा केस आणि थोडी मागची भिंत अशी मिसळ झालेली असते. त्याला माणसात घेतलं तर भिंतीचा रंग सोबत येतो, सोडून दिलं तर टक्कल पडतं. म्हणून ग्राफिक्समध्ये प्रत्येक पिक्सेलला अल्फा नावाचा आकडा देतात, शून्य ते एक. म्हणजे यात माणूस किती टक्के आणि मागचं दृश्य किती टक्के. टॉम पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये या हिशोबाची नीट बीजगणितं मांडली. काळ्या पडद्याचा फायदा असा की मागचं दृश्य जवळजवळ शून्यच असतं, त्यामुळे केसाच्या कडेला परका रंग चिकटत नाही. पुढे सिनेमावाल्यांनी त्याजागी निळा पडदा आणला, १९४० च्या थीफ ऑफ बगदादला त्या कामासाठी ऑस्करही मिळालं, आणि आता हिरवा पडदा सगळ्यांना माहीत आहे. २०२२ पासून तर आयफोनवर फोटोतल्या माणसावर बोट दाबून धरलं की तो आपोआप सुटून येतो. तरीसुद्धा एक नियम बदललेला नाही. कापणं चांगलं व्हायचं असेल तर त्याची तयारी फोटो काढण्याच्या आधी करावी लागते : मागे काय आहे, उजेड कुठून येतो, माणूस भिंतीपासून किती पुढे उभा आहे. फाळक्यांना हे माहीत होतं, कारण नंतर दुरुस्त करायची सोयच त्यांच्याकडे नव्हती.

आणि इथेच या गोष्टीत आणखी एक व्यक्ती येते. फ्रेम्स मोजून फिल्म मागे घेतली तरी दुसऱ्या वेळी प्रत्येक फ्रेम पहिल्याच जागी येऊन थांबली पाहिजे. फिल्म त्या जागी थांबते ती कडेच्या भोकांमुळे. भोकं केसभर जरी सरकली तरी एक चित्र दुसऱ्यावर थरथरतं, आणि कितीही चांगला काळा पडदा लावला तरी कड हलते. फाळक्यांच्या सुरुवातीच्या काळात कोरी फिल्म भोकांशिवाय यायची. भोकं पाडायचं काम घरातच, अंधारात व्हायचं. ते करायच्या सरस्वतीबाई फाळके, दादासाहेबांच्या दुसऱ्या पत्नी.

जरा हिशोब करू. राजा हरिश्चंद्रची लांबी सुमारे ३,७०० फूट. ३५ मिलिमीटरच्या फिल्ममध्ये एका फुटात सोळा फ्रेम्स, म्हणजे ५९,२०० फ्रेम्स. एका फ्रेमला दोन्ही बाजू मिळून आठ भोकं. एका प्रतीपुरतीच ४,७३,६०० भोकं झाली. यंत्र हाताशी असलं तरी अंधारात फिल्म सरळ धरणं, सरकवणं हे माणसालाच करावं लागतं. आणि हे दिवसभराची बाकीची कामं उरकल्यावर! त्या दिवसभरात काय असायचं? चित्रपटाच्या साठ-सत्तर लोकांचा स्वयंपाक, मुलांचं पाहणं, शूटिंगच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड टाकणं, फिल्म धुवायची रसायनं मिसळणं. त्याआधी घर चालावं म्हणून त्यांचे दागिनेही गेले होते. नटांच्या चेहऱ्यावर त्या चादरीचा उजेड आहे, पण चादर धरणारी बाई फ्रेमच्या बाहेर आहे. फोटोग्राफीच्या भाषेत रिफ्लेक्टर कधी चित्रात दिसू द्यायचा नसतो, हे बरोबरच आहे. पण इतिहासात?

बाकीचेही असेच. कॅमेऱ्याचं हँडल फिरवणारे त्र्यंबक तेलंग यांना फाळक्यांनीच शिकवून तयार केलं. तारामती झाले अण्णा साळुंके. बायका कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हत्या, तेव्हा ग्रँट रोडच्या एका खानावळीत दहा रुपये पगारावर काम करणाऱ्या या मुलाला फाळक्यांनी पंधरा रुपयांवर आणलं. पुढे १९१७ च्या लंकादहनमध्ये त्याने राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या! रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. १९१९ च्या कालियामर्दनमध्ये कृष्ण झाली त्यांची लहान मुलगी मंदाकिनी. त्या चित्रपटाच्या सुरुवातीला कथा सुरू होण्याआधी तिचा नुसता चेहरा दिसतो. ती वेगवेगळे भाव करून दाखवते, आणि मग तोच चेहरा विरघळत कृष्णाच्या वेषात येतो. मुलगी आणि देव यांच्यामधली कड फाळक्यांनी तिथे लपवली नाही, उलट प्रेक्षकांना मुद्दाम दाखवली. मला तर हा त्यांचा सगळ्यात धाडसी शॉट वाटतो.

पुढची वर्षं उताराची. १९१८ मध्ये भागीदार घेऊन हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. पैशांवरून आणि कामाच्या पद्धतीवरून खटके उडाले, फाळके सगळं सोडून काशीला गेले, तिथे नाटक लिहिलं आणि पुन्हा परतले. १९३१ मध्ये आलम आरा आला आणि चित्रपट बोलायला लागला. फाळक्यांचा सेतुबंधन मूक म्हणून तयार झाला होता, त्याला नंतर आवाज जोडावा लागला. सदुसष्टाव्या वर्षी त्यांनी कोल्हापूरला गंगावतरण हा बोलपट केला, १९३७ साली. तोच शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले, तेव्हा ज्या धंद्याची त्यांनी सुरुवात करून दिली तो धंदा त्यांना जवळजवळ विसरला होता. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ मध्ये सुरू झाला, म्हणजे पंचवीस वर्षांनी.

तेव्हापासून आपण त्यांना पुन्हा पुन्हा छापतो. पोस्टरवर, पुस्तकावर, प्रश्नपत्रिकेत. टोपी, चष्मा, मिशी, हातात फिल्म, मागचं सगळं काढून टाकलेलं. अगदी स्वच्छ कटआउट. पितामह म्हटलं की एकच माणूस दिसतो. हरिश्चंद्राची फॅक्टरी या चित्रपटाने सरस्वतीबाईंना पुन्हा चौकटीत आणलं, त्याबद्दल त्या मंडळींचे आभारच मानायला हवेत. पण आपल्या प्रत्येक प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर एकाच लीडरचं नाव मोठ्ठं छापलं जातं, तेव्हा रात्री दोन वाजता वायरिंग तपासणारा कुठे असतो, याचा विचार आपणही करावा. मागचं दृश्य काढायची सोय आहे म्हणून ते प्रत्येक वेळी काढायलाच हवं असं नाही.

फाळक्यांच्या चित्रपटांपैकी फारच थोडे तुकडे शिल्लक आहेत. राजा हरिश्चंद्रच्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं, आणि तीसुद्धा १९१७ मध्ये त्यांनी पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत असं काही अभ्यासक म्हणतात. हे तुकडे सांभाळले ते आपल्या पुण्यानेच, लॉ कॉलेज रोडच्या फिल्म अर्काइव्हने. तिथले पी. के. नायर यांनी कितीतरी वर्षं ते शोधण्यात घालवली. आता ते मोबाइलवरही बघता येतात. फाळक्यांनी १९१७ मध्ये चित्रपट कसे तयार होतात यावर एक छोटी फिल्म केली होती, तिचाही तुकडा आहे. त्यात ते स्वतः काम करताना दिसतात, शिकवताना, फिल्म हातात घेऊन बघताना. आसपास माणसं आहेत, सामान आहे.

एखाद्या रात्री मेसचं जेवण झाल्यावर हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये हे तुकडे जरूर लावा. कंसाचं मुंडकं वर जाईल तेव्हा थांबवा आणि मानेची कड बघा. मग मंदाकिनीचा चेहरा येईल तेव्हा तिच्या गालावरचा उजेड बघा, आणि तो कुठल्या बाजूने येतोय ते शोधा.